स्वच्छ पाण्यातला शत्रू : शहरी हिवतापाच्या डासाची ओळख

पावसाळा सुरू झाला की वस्त्यावस्त्यांतून धूर सोडणारी यंत्रे फिरू लागतात. गटारांवर औषध मारले जाते, नालेसफाईची मागणी होते आणि 'घाण वाढली म्हणून मलेरिया वाढला' असे निदान नाक्यानाक्यावर ऐकू येते. घाण हटायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण या निदानात एक मोठी चूक दडलेली आहे. भारतातील शहरांत हिवताप पसरविणारा प्रमुख डास गटारात वाढत नाही. त्याला लागते ते स्वच्छ, साठवलेले, शांत पाणी. म्हणजेच आपल्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीत, अंगणातील विहिरीत किंवा बांधकामाच्या ओल्या स्लॅबवर असते तसे.

या डासाचे शास्त्रीय नाव 'ॲनॉफिलीस स्टीफेन्सी'. त्याची शास्त्रीय नोंद सर्वप्रथम आपल्याच राज्यातील अचलपूर येथून झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ तो मुंबईच्या आरोग्याशी झुंजतो आहे आणि २०१२ पासून त्याने आफ्रिका खंडातील शहरांकडे मोर्चा वळविला आहे. तो नेमका कोण, कुठे राहतो आणि कुठवर पोहोचला, हे समजून घेतल्याखेरीज त्याच्याविरुद्धची लढाई चुकीच्या ठिकाणी लढली जाण्याचा धोका आहे.

डासांचे कुळ आणि त्यातील त्याची जागा

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने डास म्हणजे कीटकवर्गातील द्विपंखी गणाचे, माशीचेच दूरचे नातेवाईक. त्यांच्या कुळाला 'क्युलिसिडी' असे नाव असून जगभरात या कुळाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यातील बहुतेकांचा माणसाच्या आजारांशी काही संबंध नाही.

शहरी वाचकाला ओळख हवी ती तीन प्रजातींची. पहिली 'क्युलेक्स'. रात्री कानाशी गुणगुणणारा, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मुबलक वाढणारा आणि हत्तीरोग पसरविणारा डास याच प्रजातीतला. दुसरी 'एडिस'. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा वाहक असलेला डास या प्रजातीतला. तिसरी 'ॲनॉफिलीस'. माणसाला होणारा हिवताप केवळ याच प्रजातीतील डासांच्या मादीमुळे पसरतो.

'ॲनॉफिलीस'च्या जगात साडेचारशेहून अधिक जाती आहेत आणि भारतात सुमारे साठ. पण त्यातील मोजक्याच जाती हिवतापाच्या प्रमुख वाहक मानल्या जातात आणि प्रत्येकीचे पाणी वेगळे आहे. 'क्युलिसिफेसिस' ही ग्रामीण भारतातील जात कालवे, खड्डे, नदीपात्रातील डबकी अशा ठिकाणी वाढते. 'फ्लुव्हिएटिलिस' डोंगरउतारावरील झऱ्यांच्या कडेला आढळते. ईशान्येकडील जंगलांत आणि पायथ्याच्या ओढ्यांत आणखी निराळ्या जाती आहेत, तर अंदमान-निकोबारमध्ये किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात वाढणारी 'संडाइकस' आहे. या साऱ्या जाती निसर्गाने किंवा शेतीने तयार केलेल्या पाण्यावर अवलंबून आहेत. 'स्टीफेन्सी' मात्र माणसाने स्वतःसाठी साठविलेल्या पाण्यावर जगायला शिकली आणि म्हणूनच ती शहरात आली.

वर्गीकरण हा केवळ पुस्तकी खटाटोप का नव्हे, याचे उत्तर इथे मिळते. जात कळली की पाणी कळते आणि पाणी कळले की उपाय कुठे करायचा हे कळते.

अचलपूरची नोंद

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वऱ्हाडातील अचलपूर हे 'एलिचपूर' या नावाने ओळखले जाणारे लष्करी ठाणे होते. तेथे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील तरुण डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांनी डासांच्या सवयींचा अभ्यास केला आणि १९०१ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी हिंदुस्थानात हिवतापावर संशोधन करणारे जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ तिला 'स्टीफेन्सी' हे नाव मिळाले. हेच लिस्टन पुढे मुंबईत आले. प्लेगच्या प्रसारात उंदरांवरील पिसवांचा असलेला वाटा उलगडण्याच्या कामात त्यांचा मोठा सहभाग होता आणि आज हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेचे ते संचालक झाले.

या नोंदीच्या अवघी चार वर्षे आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीवर हिवतापाच्या परोपजीवीचे कोष दिसले होते. डासामार्फत हिवताप पसरतो या सिद्धांताला मिळालेला तो पहिला भक्कम पुरावा. या कार्यासाठी रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आपल्या डासाचे वर्णन 'ठिपकेदार पंखांचा' एवढेच केले होते, कारण डासांचे वर्गीकरण तेव्हा बाल्यावस्थेत होते. तो डास बहुधा 'स्टीफेन्सी'च असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ओळखावा कसा?

'ॲनॉफिलीस' डास भिंतीवर बसला की त्याचे शरीर भिंतीशी कोन करते. डोके खाली आणि शेपटीचा भाग वर उचललेला. क्युलेक्स व एडिस यांचे शरीर बसताना भिंतीला साधारण समांतर राहते. पाण्यातील अळ्यांत हा प्रकार उलट असतो. क्युलेक्स आणि एडिस यांच्या अळ्या श्वसननलिका पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लोंबकळतात. ॲनॉफिलीसच्या अळीला अशी नलिकाच नसते. त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. टाकीचे झाकण उघडून विजेरीच्या प्रकाशात पाहिले, तर हा फरक साध्या डोळ्यांनाही दिसू शकतो.

'स्टीफेन्सी'च्या पंखांवर गडद व फिकट ठिपके असतात आणि पायांवरही फिकट शिंतोडे असतात. मात्र जात निश्चित करण्यासाठी भिंग आणि प्रशिक्षित नजर लागते. ते काम कीटकशास्त्रज्ञांचे.

मादी पाण्यावर एकेक सुटे अंडे घालते. होडीच्या आकाराच्या या अंड्याला दोन्ही बाजूंना हवेने भरलेले तरंडे असतात. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ डास हा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण होऊ शकतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा जो सल्ला आरोग्य खाते देते, त्यामागे हेच गणित आहे. आठवडा चुकला की अळीचा डास होऊन उडून जातो.

एक जात, तीन रूपे

म्हैसूर संस्थानात काम करणारे संशोधक स्वीट आणि राव यांनी १९३७ साली एक सूक्ष्म गोष्ट दाखवून दिली. सगळ्या 'स्टीफेन्सी'ची अंडी सारखी नसतात. अंड्यांच्या तरंड्यांवर ज्या आडव्या कडा असतात, त्यांची संख्या मोजली तर फरक दिसतो. ही विभागणी पुढे पक्की होत गेली. मूळ रूपात या कडा साधारण १४ ते २२, मधल्या रूपात १२ ते १७, तर 'मायसोरेन्सिस' या रूपात ९ ते १५ असतात.

फरक केसाएवढा असला, तरी परिणाम मोठा आहे. भारतात मूळ रूप प्रामुख्याने शहरांत आढळते आणि तेच हिवतापाचे समर्थ वाहक आहे. 'मायसोरेन्सिस' बहुतांशी ग्रामीण भागात राहते, माणसापेक्षा गुराढोरांचे रक्त अधिक पसंत करते आणि म्हणून येथे दुय्यम ठरते. इराणमध्ये मात्र हेच रूप हिवताप पसरविताना आढळले आहे. म्हणजे केवळ जात कळणे पुरेसे नाही. स्थानिक अभ्यासही तितकाच आवश्यक आहे.

मुंबईच्या विहिरी, मुंबईच्या टाक्या

या डासाच्या शहरी जीवनाचा सर्वांत जुना आणि बोलका दाखला मुंबईचा आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने येऊ लागले, तरी पुढची अनेक दशके घरोघरच्या आणि वाड्यावाड्यांच्या विहिरी वापरात राहिल्या. शहरातील वाढत्या हिवतापाची चौकशी करणारा डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने या विहिरींकडे बोट दाखविले. विहिरी बुजवाव्यात किंवा डास शिरणार नाही अशा झाकाव्यात, ही शिफारस शास्त्राच्या दृष्टीने सरळ होती. लोकांच्या दृष्टीने नव्हती. अनेकांसाठी विहीर हे पूजेचे, धर्मविधीचे स्थान होते. त्यामुळे विहिरी बंद करण्याला मोठा विरोध झाला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे आणि पारसी समाजासाठी ती श्रद्धास्थान आहे.

पुढे १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची नव्याने पाहणी केली. तोवर शहराचे पाणी विहिरीतून टाकीत येऊ लागले होते. नळाचे पाणी चोवीस तास नसल्याने ते साठविणे आले. साठविण्यासाठी जमिनीखाली हौद आणि गच्चीवर टाकी आली. डासाच्या दृष्टीने विहीर काय नि टाकी काय, दोन्ही सारखीच : स्वच्छ, शांत आणि अर्धवट काळोखी.

स्वातंत्र्यानंतरच्या हिवताप मोहिमेतही हा धडा पुन्हा मिळाला. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. हा भर ग्रामीण भागावर होता. शहरांत अळ्या नष्ट करण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविलेले होते आणि ते सगळीकडे सारख्या निष्ठेने झाले नाही. हिवताप उलटला, त्यामागे औषधांना व कीटकनाशकांना आलेला प्रतिरोध, अपुरा पुरवठा अशी इतरही कारणे होती. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. शहरांसाठी स्वतंत्र योजनेची गरज तत्पूर्वीच मान्य होऊन १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना आली होती.

बांधकामाचे पाणी

अलीकडच्या काळात टाकीच्या जोडीला आणखी एक उत्पत्तिस्थान आले, ते म्हणजे बांधकाम. नव्या स्लॅबला मजबुती यावी म्हणून त्यावर वाफे बांधून दिवसेंदिवस पाणी साठवून ठेवले जाते. लिफ्टचे खड्डे, तळघरे, पाणी भरून ठेवलेली पिंपे यांची त्यात भर पडते. बांधकामावरील मजूर अनेकदा हिवतापग्रस्त भागांतून आलेले असतात आणि तिथेच, उघड्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत झोपतात. डास, परोपजीवी आणि माणूस हे तिघे एकाच आवारात एकत्र येतात. यात दोष मजुराचा नसतो. त्याचा ताप वेळेवर तपासला न जाणे आणि पाणी उघडे ठेवणे, हे दोष व्यवस्थेचे असतात.

गोव्याचा अनुभव याच प्रकारचा आहे. १९८६ मध्ये पणजीत हिवतापाची साथ उद्भवली आणि पुढे कळंगुटसारख्या किनारी पर्यटन भागांतही त्याचे प्रमाण वाढले. दोन्ही ठिकाणी बांधकामांचा वाढता वेग हे एक प्रमुख कारण मानले गेले. मुंबईत २०१० साली हिवतापाचे ७६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि १४५ जणांचा बळी गेला. त्यानंतर बांधकामांची तपासणी, टाक्या डासप्रतिबंधक करण्याची सक्ती आणि रक्तनमुन्यांची तपासणी यांवर भर देण्यात आला. २०१९ पर्यंत शहरातील वार्षिक रुग्णसंख्या पाच हजारांच्या खाली आली होती. पुढे ती पुन्हा वाढली, हे मात्र विसरता येणार नाही.

फवारणी का अपुरी पडते?

सायंकाळी सोडलेला धूर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे काही तरी केल्याचे समाधान देतो. पण तो केवळ त्या क्षणी उडणाऱ्या डासांना मारतो. टाकीतील अळीला त्याने काही होत नाही. दुसरी बाब अशी की 'स्टीफेन्सी' घरात शिरल्यावर केवळ भिंतीवर बसत नाही. टांगलेले कपडे, पडदे, फर्निचरच्या मागची जागा अशा ठिकाणीही विसावतो. त्यामुळे भिंतींवरील फवारणीचा प्रभावही शहरात मर्यादित राहतो. शिवाय डीडीटी, मॅलॅथिऑन यांसारख्या कीटकनाशकांना या डासाने अनेक ठिकाणी प्रतिरोध मिळविला आहे.

उलट त्याचे उत्पत्तिस्थान मोजता येण्याजोगे, हाताच्या अंतरावर आणि बंद करता येण्याजोगे असते. जंगलातील प्रत्येक डबके शोधणे अशक्य आहे. सोसायटीच्या गच्चीवरील चार टाक्या शोधणे मुळीच अशक्य नाही. घट्ट बसणारे झाकण, वायुनलिकेच्या आणि ओसंडनलिकेच्या तोंडाला बारीक जाळी, वर चढण्यासाठी नीट शिडी, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे आणि जिथे पाणी काढून टाकता येत नाही तिथे अळीनाशक हे उपाय साधे आहेत. विषारी रसायनांऐवजी 'बीटीआय' या जिवाणूपासून बनविलेले अळीनाशकही उपलब्ध आहे. गप्पी मासे मात्र नैसर्गिक तळ्यांत वा ओढ्यांत सोडू नयेत. तेथील स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

एक सावधगिरीची नोंदही हवी. अलीकडच्या काळात काही शहरांत या डासाच्या अळ्या गढूळ किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही आढळल्या आहेत. त्याची मुख्य पसंती स्वच्छ पाण्यालाच असली, तरी परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्याची क्षमता दुर्लक्षून चालणार नाही.

वाळवंटातून आफ्रिकेकडे

'स्टीफेन्सी'चा मूळ प्रदेश म्हणजे भारतीय उपखंड, इराण, अफगाणिस्तान आणि अरबी द्वीपकल्प. पूर्वेला म्यानमार, थायलंड आणि दक्षिण चीनपर्यंत त्याच्या नोंदी आहेत. विशेष म्हणजे पाऊस जेमतेम पडतो अशा प्रदेशातही तो टिकून असतो. राजस्थानच्या थर वाळवंटात पावसाचे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली 'टांके' बांधतात. त्यांत तो वाढतो. पाण्याची टंचाई असली की साठवण वाढते आणि साठवण वाढली की त्याचीही सोय होते.

याच गुणाने त्याला समुद्रापार नेले. २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावरील जिबुती या बंदराच्या देशात तो प्रथमच आढळला. त्या वर्षी जिबुतीत हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते आणि देश निर्मूलनाच्या उंबरठ्यावर होता. २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांच्या पुढे गेली. सगळी वाढ एकट्या या डासाच्या माथी मारता येणार नाही. पण त्याचा वाटा मोठा असल्याचे मानले जाते. २०१६ मध्ये तो इथिओपिया आणि सुदानमध्ये, २०१९ मध्ये सोमालियात, २०२० मध्ये नायजेरियात आणि २०२२ मध्ये केनिया व घानामध्ये आढळला. जहाजांतून आणि मालवाहतुकीतून तो पसरत असावा, असा अंदाज आहे. श्रीलंकेची कथाही अशीच. सप्टेंबर २०१६ मध्ये त्या देशाला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार येथील विहिरींत 'स्टीफेन्सी'च्या अळ्या सापडल्या. श्रीलंकेने मात्र दक्षता ठेवून रोगाला पुन्हा मूळ धरू दिले नाही.

आफ्रिकेत ही घटना गंभीर का? तेथील हिवतापाचे मुख्य वाहक 'गॅम्बिए'सारखे डास पावसाच्या डबक्यांत वाढतात. त्यामुळे तेथे हिवताप मुख्यत्वे ग्रामीण आणि पावसाळी राहिला. दाट शहरे तुलनेने सुरक्षित होती. 'स्टीफेन्सी'ने हे समीकरण बदलले. इथिओपियातील दिरे दावा शहरात २०२२ मध्ये ऐन कोरड्या ऋतूत हिवतापाचा उद्रेक झाला आणि संशोधकांनी त्याचा संबंध या डासाशी जोडला. तो आफ्रिकाभर पसरल्यास तेथील शहरांतील आणखी सुमारे १२ कोटी ६० लाख लोक हिवतापाच्या धोक्यात येतील, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याबाबत इशारा दिला आणि २०२२ मध्ये त्याला रोखण्यासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. आता तेथील यंत्रणांना विहिरी, हौद आणि टाक्या तपासाव्या लागत आहेत. मुंबईने हे काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू केले होते.

झाकण कोणी लावायचे?

भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर शहरांतील हा डास दुर्लक्षून चालणार नाही. महापालिकेचा कर्मचारी वर्षातून काही वेळा गच्चीवर येऊन टाकी पाहू शकेल, नोटीस देऊ शकेल. पण दर आठवड्याला झाकण तपासणे त्याला शक्य नाही. ते काम गृहनिर्माण संस्था, दुकानदार, बांधकाम व्यावसायिक आणि रहिवासी यांचेच आहे. शिवाय उघड्या टाकीत 'एडिस'ही अंडी घालतो. म्हणजे एकाच झाकणाने हिवताप आणि डेंग्यू या दोहोंना अटकाव होतो.

आणि थंडी वाजून ताप आला, तर अंगावर न काढता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. बाधित माणसाचे रक्त मिळाल्याशिवाय कोणताही डास हिवतापाचा वाहक होत नाही आणि रक्त मिळाल्यावरही परोपजीवीची डासाच्या शरीरात वाढ होण्यास साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. वेळेवर निदान आणि पूर्ण औषधोपचार झाले, तर ही साखळी माणसाच्या बाजूनेही तुटते.

येत्या रविवारी गच्चीवर जाऊन एकदा टाकीचे झाकण पाहावे. ते तुटलेले असेल, सरकलेले असेल किंवा नसेलच, तर गटारावरच्या धुराची वाट पाहण्यात अर्थ नाही.